पाठमोऱ्या फोटोंच्या सोनवणे बाई

सोनवणे बाई पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या तेव्हा मी त्यांना काही न विचारताच पांढऱ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर बसवलं. साठीच्या आसपासच्या, अंगावर सुती साडी, खांद्याला पिशवी, हातात कसलेसे कागद. पेन्शनच्या दाखल्यासाठी फोटो हवा असणार, दुसरं काय. मेन रोडच्या बोळातल्या स्टुडिओत असं गिऱ्हाईक रोज येतं. बाई निमूट बसल्या. मी दिवे लावले, "हनुवटी जरा खाली घ्या" म्हणालो, त्यांनी घेतली. फोटो निघाल्यावर उठल्या, पिशवीतून एक बऱ्यापैकी महाग कॅमेरा काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "तुझं काम झालं असेल तर आता माझं कर. यातले सहा फोटो छापून दे. आणि तुझ्या पडद्याची दुमड खालून उसवली आहे, ती बघून घे."

मी कार्ड लावून फोटो उघडले. सहापैकी तीन फोटो पाठमोऱ्या माणसांचे. एक रविवार कारंज्याच्या चौकातून सायकल ढकलत जाणारा माणूस, एक शालिमारच्या थांब्यावर उभी असलेली कॉलेजची मुलगी, एक भाजीवाली. बाकी तीन फोटोंत तर माणूसही नव्हता, नुसती शर्टाची उलटून धरलेली खालची कड आणि ती धरणारी बोटं.

"बाई, चुकून निघालेत का हे? चेहरा कुठाय?"

"चेहरा त्याच्या आईबापानं केलाय. शर्ट कोणी केला ते मला बघायचं होतं."

मी पंधरा वर्षं लग्नांचे फोटो काढतो. फोटोतल्या माणसाला आपला चेहरा दिसला नाही तर तो कसा भांडतो हे मला पक्कं ठाऊक आहे. बाईंचं हे थेर चार दिवसांत संपेल असं मी मनात म्हटलं. त्यानंतर पाच वर्षं त्या दर गुरुवारी येत राहिल्या.

जुन्या नाशकातल्या मुलींच्या एका शाळेत बाई शिवण शिकवत. निम्मी नोकरी झाल्यावर शिवण हा विषयच बंद पडला. मशिनं एका खोलीत नेऊन ठेवली, त्यांच्यावर जुने बाक रचले, आणि बाईंकडे ग्रंथालयाच्या किल्ल्या आल्या. निवृत्त झाल्यावर कोल्हापूरच्या लेकीनं कॅमेरा घेऊन दिला आणि सांगितलं, आई, आता जरा फिर, निसर्ग बघ. बाई एकदा गंगापूर धरणावर गेल्याही. तिथून एका मासे धरणाऱ्याच्या खिशाचा फोटो घेऊन आल्या. बंडीला आतून मेणकापडाचा खिसा लावलेला होता, विडी-काडी भिजू नये म्हणून. धरणाचा एकही फोटो नव्हता.

त्यांची कामाची रीत ठरलेली. संध्याकाळी रविवार कारंजा, नाहीतर शालिमार. कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर बसायचं आणि माणसं चालताना त्यांच्या अंगावर कापड कसं पडतंय ते बघायचं. एखादा नजरेत भरला की उठून त्याच्या मागून चालू लागायचं. दहा-वीस पावलांवर गाठून, "जरा थांबता का? हे कोणी शिवलंय?" बिचारा आधी दचकायचा. मग बाईंचा चष्मा, अंबाडा बघून त्याला आपली शाळा आठवत असावी, कारण पुढच्या मिनिटाला तो भर रस्त्यात शर्टाची कड उलटून दाखवत उभा असायचा. हे मी स्वतः पाहिलं आहे. एकदा तर वाहतूक सांभाळणारा हवालदार आपल्या पँटची दुमड दाखवत होता आणि मागं गाड्यांचा खोळंबा झाला होता.

"उलटी बाजू बघितल्याशिवाय मी कुणाला चांगलं म्हणत नाही," बाई सांगायच्या. "वरून काय, इस्त्री केली की सगळंच चांगलं दिसतं."

प्रत्येक फोटोच्या दोन प्रती निघायच्या. एक अंगावर घालणाऱ्याला, एक शिवणाऱ्याला. शिवणारा सापडणं हीच खरी मेहनत. दुकानाच्या पाटीवरचं नाव त्यांना चालत नसे. दुकानदाराकडून कटिंग करणाऱ्या मास्तराकडे, मास्तराकडून कारागिराकडे, कारागिराकडून घरी बसून काजं-बटणं करणाऱ्या बाईकडे, असं करत शेवटच्या हातापर्यंत त्या जायच्या आणि सगळ्यांची नावं फोटोखाली घालायच्या. पुढं त्यांनी माझ्या मागं लागून फोनवर एक पान उघडून घेतलं. नाव ठेवलं 'शिवलं कोणी'. नियम एकच, शिवणाऱ्याचं नाव मिळाल्याशिवाय फोटो चढवायचा नाही. त्या पानावर नाशकातले किती शिंपी, किती घरी शिवणाऱ्या बायका, किती हौशी मुलं जगासमोर आली याची मी मोजदाद ठेवली नाही, पण माझ्या दुकानात त्यांची रीघ लागायला लागली. आपला फोटो म्हणून ते आपल्या शिलाईचा फोटो मागायचे.

भद्रकालीतल्या गफूरभाईंची गोष्ट मी अजून गिऱ्हाइकांना सांगतो. लग्नाच्या वरातीत एका बँडवाल्याचा लाल कोट बाईंना आवडला. खांद्यावरची सोनेरी झालर अशी बसवलेली की हात हलवला तरी ती ढोलाला अडकत नव्हती. दोन आठवडे शोधून त्या गफूरभाईंच्या माळ्यावर पोचल्या. मी सोबत होतो. गफूरभाईंनी कोटाचा फोटो बघितला, बाईंकडे बघितलं, आणि एखाद्या खात्याच्या तपासणीला आल्यात असं समजून सरळ हात वर केले.

"मी नाही शिवला. हे आपलं काम नाही, मॅडम."

"बरं," बाई म्हणाल्या. "मग झालर ढोलाला कुठं अडकत नाही हे आता मी कोणाला सांगू?"

गफूरभाई थोडा वेळ मशिनचं चाक नुसतंच फिरवत बसले. मग फोटोसाठी हात पुढं केला. म्हणाले, "इधर ठेवा. तीस साल झाले, बँडवाले फक्त लवकर द्या म्हणतात." तो फोटो त्यांनी मशिनसमोर भिंतीला लावला. बाईंनी उतरता उतरता त्यांना सांगितलं की डाव्या बाहीची झालर उजवीपेक्षा सूतभर खाली आहे. गफूरभाईंनी टेप लावून बघितलं. होती.

हा बाईंचा खरा स्वभाव. चूक दिसली की जीभ आवरत नसे. माझ्या अल्बममध्ये मी नवरदेवाच्या शेरवानीवरच्या सुरकुत्या कॉम्प्युटरवर घालवतो, त्यावरून आमचं कायम वाजायचं. "सुरकुती घालवलीस म्हणजे फिटिंग खोटं दाखवलंस," त्या म्हणायच्या. मी म्हणायचो, बाई, मला पोट आहे. चष्म्याच्या डबीत सुई-दोरा असायचा. लोंबणारं बटण दिसलं तर माणसाला तिथंच थांबवून ते शिवून द्यायच्या, माणसाची बस सुटत असली तरी. शाबासकीच्या बाबतीत मात्र हात आखडता. 'ठीक आहे' हा त्यांचा पहिला नंबर. 'चालेल' म्हणजे नापास.

आणि दुसरी एक गोष्ट होती, जी मला तेव्हा गमतीची वाटायची. नाव लावणं म्हणजे माणसाचं भलंच करणं, यात बाईंना कधी शंका आली नाही. कॉलेज रोडला एका कॉलेजात मुलांची फॅशन स्पर्धा होती, बाईंना परीक्षक म्हणून बोलावलं. मुलं-मुली एकेक पोशाख घालून झोकात चालत येत होती. बाई खुर्ची सोडून त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या आणि एकेकाची कड उलटून बघू लागल्या. एका झगझगीत घागऱ्याच्या आत नुसत्या टाचण्या आणि गोंद निघाला. गुणांच्या कागदावर बाईंनी आकडाच घातला नाही, 'पुन्हा शिवून दाखवावे' असं लिहिलं. एका मुलीचं जाकीट मात्र त्यांनी आतून-बाहेरून तीनदा बघितलं. नऊवारीच्या काठाचे तुकडे जोडून केलेलं, आतून एकही दोरा सुटा नाही. पोरगी खुशीत होती. बाईंनी माईक घेऊन तिला विचारलं, "कोणी शिवलंय?" पोरगी आधी प्रेक्षकांकडे बघत राहिली. मग खरं बोलली, आईनं. बाईंनी प्रेक्षकांतून आईला वर बोलावलं, टाळ्या वाजवायला लावल्या. आई लाजून चूर झाली. स्वतः शिवलेलंच चालेल असा नियम असल्यानं पोरगी बाद झाली आणि पडद्यामागे रडत बसली.

"बाई, पोरीचं बक्षीस गेलं," मी परत येताना म्हणालो.

"आईचं नाव लागलं ना," बाई म्हणाल्या. त्यांना खरोखर कळलं नव्हतं.

मंदा भेटली ती पेठ फाट्यावर. नोव्हेंबर होता, द्राक्षाच्या बागांमध्ये घड विरळ करायची कामं निघाली होती. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बायका सकाळी फाट्यावर टोळ्या करून उभ्या राहतात आणि बागांच्या गाड्या येऊन त्यांना घेऊन जातात. साडीवर पुरुषाचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल. नाशकात राहणाऱ्या माणसाला ते इतकं सवयीचं आहे की दिसत नाही. त्या दिवशी बाईंना दिंडोरी रोडला सोडायला मी गाडी काढली होती. फाट्यावर त्यांनी माझा हात धरून गाडी थांबवली.

दहा-अकरा बायकांची एक टोळी पिकअपमध्ये चढत होती. सगळ्यांच्या शर्टांच्या कॉलरी हिरव्या, मागं मानेवर ऊन लागू नये म्हणून कॉलरीला जोडून एक झापड. मला वाटलं बाईंना रंग आवडला.

"बघितलंस?" बाई म्हणाल्या. "गाडीचा दांडा धरायला तिनं हात वर केला. हात वर गेला आणि शर्ट जागेवर राहिला."

मी काहीही बघितलं नव्हतं. बाई तोवर पिकअपपाशी पोचल्याही होत्या. "हा शर्ट कोणी शिवलाय गं?"

"मंदानं," एक बाई म्हणाली. "म्हसरूळला ऱ्हाते. आमच्याच गावची हाय."

म्हसरूळच्या टोकाला पत्र्याची एक खोली, एक जुनं पायाचं मशिन, दोरीवर वीसेक शर्ट. मंदा तिशीची, बारीक, बोलायला सावकाश. ती स्वतः आठ वर्षं बागेत जात होती. घड डोक्याच्या वर, दिवसभर हात वर. शर्ट काखेत फाटायचा. "नाय तर वर सरकायचा," मंदा म्हणाली. "पोट उघडं पडायचं. मुकादम खालून बघत ऱ्हायचा. तोंडानं काय बोलणार त्याला? मंग मी काखेत तुकडा घातला."

तिनं शर्ट उलटा केला. बाही आणि अंग जिथं मिळतं तिथं एक चौकोनी तुकडा बसवलेला होता. हात खाली असला की तो घडी होऊन आत जाई, हात वर केला की उघडे. बाहेरून कुणाला पत्ता लागत नसे. जुन्या लोकांच्या बाराबंदीला असा तुकडा असायचा, बाईंनी तो पुस्तकातून शिकवलेला. मंदानं पुस्तक बघितलं नव्हतं. प्रत्येक टोळीला तिनं कॉलरीचा वेगळा रंग दिला होता, लांबून आपली माणसं ओळखू यावीत म्हणून, आणि काखेतला तुकडा मात्र ज्या बाईचा शर्ट तिच्या आवडीच्या कापडाचा, ठिपक्यांचा, फुलांचा, जरीचा. तो कुणाला दिसायचा नव्हता, तरी.

बाई दहा मिनिटं तो शर्ट हातात घेऊन बसल्या. मग म्हणाल्या, "छान आहे."

मी पाच वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून तेवढा एकदाच ऐकला.

"औंदा बागेत जायचं नाय असं ठरवलंय," मंदा म्हणाली. "औषध मारत्यात, त्यानं मला दम लागतो. मशिनवरच भागलं तर बघायचं. आठ टोळ्यांचे शर्ट हायत माझ्याकडं."

बाईंनी तिचे भरपूर फोटो काढले. पाठमोऱ्या टोळीचा एक, मशिनवर बसलेल्या मंदाचा एक, आणि काखेतल्या तुकड्याचा उलट्या बाजूनं, अगदी जवळून. तो जरा अंधारा आला होता. त्याचा उजेड वाढवून, धार काढून, शिवणीचा टाका न् टाका मोजता येईल असा मी करून दिला. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढं जे झालं त्यात माझाही हात आहे आणि सगळं बाईंच्या माथी मारून मला मोकळं होता येणार नाही.

तो फोटो गाजला. बागायतदारांच्या ग्रुपांवर फिरला, एका वर्तमानपत्रात मंदाचं नाव आलं. त्या हंगामात मंदा बागेत गेली नाही. बाईंना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. दर गुरुवारी काउंटरवर हात टेकून मला तेच तेच सांगायच्या.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास मंदा माझ्या दुकानात आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीवर द्राक्षाच्या घडाचं चित्र. आत कोरा शर्ट. झापडीची कॉलर, आणि काखेत तुकडा.

"सिडकोत निघत्यात," ती म्हणाली. "बागवाले तिकडूनच घेत्यात, शेकड्यानं, अन् बायांना वाटत्यात. माझी एकपण टोळी आली नाय औंदा." तिनं शर्ट उलटा करून काउंटरवर पसरला. "कॉलर कुणीपण बघून करंल. पण हा तुकडा बाहेरून दिसत नाय. ह्यो त्यांना कुणी दावला?"

गुरुवार होता. बाई मागच्या खुर्चीवर फोटो निवडत बसल्या होत्या, मंदाला त्या दिसल्या नव्हत्या. बाई उठून पुढं आल्या.

"मी दाखवला," त्या म्हणाल्या.

मंदानं त्यांच्याकडे बघितलं, शर्टाची घडी घातली, पिशवीत ठेवला आणि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना घेऊन सिडकोत हे शर्ट काढणाऱ्या रेडिमेडवाल्याच्या कारखान्यावर गेलो. तळमजल्यावर पंचवीस-तीस मशिनं. बाईंनी वाटेत सगळं ठरवलं होतं. आधी मालकाला गाठायचं, मंदाचं नाव शर्टावर घालायला लावायचं, तिला कामाचा हिस्सा द्यायला लावायचा. मालक नव्हता. कटिंगच्या टेबलाकडून एक पस्तिशीची बाई धावत आली आणि भर कारखान्यात वाकून बाईंच्या पाया पडली.

"बाई, ओळखलंत का? वैशाली. सातवी ब. तुमच्या शेवटच्या शिवणाच्या बॅचची."

बाईंनी ओळखलं. वैशालीनं त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला, बाकीच्या मुलींना हाका मारून दाखवलं, ह्या माझ्या बाई. मग कौतुकानं तोच शर्ट आणला. "मालक म्हणाले, फोटोवरून असा शर्ट होईल का. बाकीचे नाही म्हणाले. मी तुमच्या पानावरचा उलट्या बाजूचा फोटो मोठा करून बघितला आणि पहिल्याच फटक्यात कटिंग उतरवलं. तुम्हीच शिकवलंत ना, कापड आतून वाचायचं. ह्याच्यावर मला कटिंगला घेतलं, नाहीतर अजून बटणंच लावत बसले असते."

तिचा चेहरा फुलला होता. बाई शर्ट हातात घेऊन बसल्या होत्या.

"हा मंदाचा शर्ट आहे, वैशाली," त्या शेवटी म्हणाल्या. "फोटोखाली नाव होतं. शर्टावर तिचं नाव घाला."

वैशाली वरमली. "बाई, लेबल माझ्या हातात असतं का? त्यावर माझंपण नाव नाही."

बाई बोटांनी काखेतला तुकडा चाचपत होत्या. दोन्ही हातांनी ताणून बघितला, उजेडाकडे धरला, आणि शाळेत म्हणाल्या असतील तशा म्हणाल्या, "हा तू सरळ कापलास. हा उरेप हवा, तिरका. सरळ कापडाला ताण सोसत नाही, पंधरा दिवसांत कोपऱ्यातून फाटेल. फोटोत वीण दिसत नाही म्हणून चुकलीस."

वैशालीनं लगेच खडू घेऊन टेबलावर आखून दाखवलं. "असा?"

"अजून थोडा. हां. ठीक आहे."

परत येताना मुंबई नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"अरे, मी काय करून आले? मी तिला चूक सांगून आले."

मला तोपर्यंत ते कळलंच नव्हतं. कळलं तेव्हा मला बाईंचा संताप आला. तो सरळ कापलेला तुकडा पंधरा दिवसांत फाटला असता, टोळ्या मंदाकडे परत आल्या असत्या. तेवढी एकच आशा होती तिला, आणि ती बाईंनी स्वतः जाऊन खडूनं आखून पुसून टाकली होती. मग बाजूला बघितलं तर बाई रडत होत्या, आणि मागून सगळे हॉर्न वाजवत होते.

त्या मला म्हणाल्या, गाडी म्हसरूळला घे. मंदाला त्यांनी सगळं सांगितलं, चूक सांगितल्याचंही. काही झाकलं नाही, हात जोडले नाहीत, कारणंही दिली नाहीत. मंदा ऐकत होती आणि मशिनवर खोळ घालत होती. नोव्हेंबर लागला तसा ती पेठ फाट्यावर परत उभी राहिली.

बाईंनी पानावरचे उलट्या बाजूचे सगळे फोटो मला काढून टाकायला लावले. त्याचा उपयोग नव्हता हे त्यांनाही कळत होतं. गुरुवारी यायच्या, बसायच्या, कॅमेरा पिशवीतून काढायच्या नाहीत. सकाळी मात्र रोज फाट्यावर जायच्या. मंदाची गाडी येईपर्यंत तिच्यापासून चार हातांवर उभ्या राहायच्या, गाडी गेली की घरी. मी विचारलं, काय म्हणते ती? काही म्हणत नाही, बाई म्हणाल्या. खोकते. सगळा हंगाम हे चाललं होतं. मी दोनदा समजावलं, बाई, तिला उगाच अवघडल्यासारखं होत असेल. त्या म्हणाल्या, "असेल. पण मी गेले नाही तर मला सोपं होईल."

एप्रिलमध्ये बागा मोकळ्या झाल्या. एक दिवस दुकानात फोन आला, नंबर माझ्या फोटोंच्या मागं छापलेला असतो तो. "बाईंना घेऊन या," मंदा म्हणाली. "कॅमेरा नको."

त्यानंतर महिन्याभरातच लेकीनं बाईंना कोल्हापूरला नेलं. गुडघे गेले होते, एकटीनं राहणं होत नव्हतं. त्या निघाल्या तेव्हा मी लग्नाच्या कामाला मनमाडला होतो, त्यामुळे निरोप असा झालाच नाही. फोन होतो, सणावाराला, आणि दोन वाक्यांत संपतो. म्हणून बाई म्हटलं की मला एप्रिलमधली ती दुपार आठवते.

खोलीचं दार उघडं होतं. मशिनवरची खोळ निघालेली होती. मंदा दारातच उभी होती, हंगामात आणखी वाळलेली, छातीशी जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी धरून. मी बाईंना हात देऊन पायरी चढवली.

"बागेत गेले तर डोक्यात येत ऱ्हातं," मंदा म्हणाली. "खुडणीच्या टायमाला. घरी बसून नसतं सुचलं हे नवं शिवायचं." मग बाईंकडे बघत म्हणाली, "चूक दिसली की तुमच्याच्यानं ऱ्हावत नाय, ते मला ठाव हाय. सिडकोवालीची सांगितली. आता माझी पण सांगा."

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. मंदानं गुंडाळलेल्या साडीची एक घडी बाजूला केली. मला आतलं थोडं निळं कापड दिसलं, आणि मी सवयीनं मान पुढं केली.

"तू जा," बाई मला म्हणाल्या. "मी रिक्षानं येईन."

मी एक पायरी उतरलो. बाईंनी मागं वळून पाहिलंही नाही. दार ओढून घेतलं आणि आतून कडी घातली.